मकराना म्हणून घेतलेला संगमरवर

2019 च्या पुरात सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात कृष्णेचं पाणी शिरलं आणि शहाबादी फरशी जागोजाग खचली. घर दुरुस्त करायला चार वर्षं गेली. सोपा आणि देवघर पांढऱ्याशुभ्र संगमरवराचं व्हावं, एवढंच आईचं मागणं होतं.

मिरज रस्त्यावरच्या एका दुकानात माल पाहिला. "ताजमहालाला लागला तोच मकराना, थेट खाणीतला," असं सांगून 220 रुपये फुटानं भाव ठरला. मकराना हे राजस्थानातलं संगमरवराच्या खाणींचं गाव. आपला सगळा मुलूख काळ्या दगडाचा. घाट काळा, देवळं काळी. काळ्या दगडाचं बरंवाईट आपल्याकडचा पाथरवट नुसत्या छिन्नीच्या आवाजावर ओळखतो. संगमरवर मात्र राजस्थानातून येतो आणि आपण तो नावावर घेतो. फसवणारा नेमकं हेच हेरतो.

साडेसहाशे फूट माल उतरला. बिल कच्चं, वहीच्या पानावर. "पक्क्याला 18 टक्के जीएसटी पडेल, कशाला उगाच?" हे त्याचं बोलणं मी ऐकलं, आणि तिथंच माझे हात बांधले गेले.

पहिल्याच उन्हाळ्यात दाराशी, ऊन पडतं तिथं, फरशीत पिवळट रेघा उमटल्या. केसाएवढ्या बारीक, पण नख फिरवलं की अडखळणाऱ्या. पुढे टाचेखाली फरश्या पोकळ वाजू लागल्या. दुकानदार म्हणाला, "तुमच्या मिस्त्रीनं साधं सिमेंट वापरलं असणार." मी स्वतः उभा राहून पांढऱ्या सिमेंटवर बसवून घेतली होती.

शेवटी राजस्थानातल्या किशनगडच्या संगमरवर बाजारात काम केलेल्या एका कारागिराला बोलावलं. त्यानं गच्चीवरचा उरलेला तुकडा उलटा केला. मागे जाळी चिकटवलेली. "साहेब, हा माल मुळात तडकलेला. भेगांत रेझिन, म्हणजे चिकट रसायन, भरून वरून पॉलिश मारलंय. त्याच या रेघा. जाळीवरच्या गुळगुळीत थराला सिमेंट नीट धरत नाही, म्हणून फरशी पोकळ वाजते." मग त्यानं स्वतःकडचा मकरान्याचा तुकडा शेजारी ठेवला आणि दोन्हींवर बाथरूम धुण्याच्या ॲसिडचा एकेक थेंब टाकला. त्याच्या तुकड्यावर सोड्यासारखा फेस फसफसला. आमच्यावर थेंब नुसता बसून राहिला. मकराना कॅल्साइट या खनिजाचा दगड, त्यावर ॲसिड लगेच उसळतं. राजस्थानातल्याच राजसमंदकडचा पुष्कळसा माल डोलोमाइट या दुसऱ्या खनिजाचा असतो, तो असा उसळत नाही. तो दगड वाईट नसतो, पण बराच स्वस्त असतो. मी पैसे मोजले ते मकरान्याचे.

मापातही गंडवलं होतं. कोपरा तुटलेली प्रत्येक लादी पूर्ण धरून मोजलेली. मीच टेप लावून पाहिलं, तर साठ फूट कमी भरले.

तुम्ही घेणार असाल तर भर दिवसा, उन्हात जा. लादी उलटी करून पाहा, जाळी दिसली तर का लावली ते विचारा. पाणी मारा; दगड वाळतो कसा ते पाहा, भरलेल्या रेघा त्यात वेगळ्या उठून दिसतात. तुकडा मागून ॲसिडचा थेंब टाका, हात आणि डोळे जपून. पक्क्या बिलावर खाणीचं नाव, जाडी आणि तुटके कोपरे वगळून माप लिहून घ्या. आणि हे सगळं गाडी खाली करायच्या आधी.

ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर मी फोन केला. पहिला प्रश्न बिलाचाच आला. वहीचं ते पान आणि दुकानदाराचे व्हॉट्सॲप संदेश घेऊन सोमवारी वकिलांकडे जातोय. आई देवघरात अजून सतरंजी टाकूनच बसते.