ऐंशीचे पंचेचाळीस केले, तरी फसलो

३१ वर्षं बँकेत कॅश सांभाळली. खोटी नोट बोटाला लागली की कळायची. त्यामुळे फोनवर फसलेल्यांच्या बातम्या वाचताना मी त्यांना मनातल्या मनात वेड्यात काढायचो.

मंगळवारची दुपार. इंदिरानगरच्या घरी मी एकटाच, बायको भाजीला गेलेली. व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल आला, डीपीवर खाकी वर्दी. "तुमचा मुलगा पुण्यात ड्रग्जच्या केसमध्ये सापडलाय." मुलाचं नाव त्याला बरोबर ठाऊक. मागे कुणीतरी "बाबा, बाबा" करत रडत होतं. हुंदके देणाऱ्याचा आवाज नीट ओळखू येत नाही, याचाच ही मंडळी फायदा घेतात. "फोन ठेवलात तर पत्रकारांना नाव देईन," तो म्हणाला.

अशा वेळी डोकं चालत नाही म्हणतात. माझं चांगलं चाललं! त्याने ८० हजार मागितले. मी पेन्शनरची रड लावून ४५ वर आणले. पैसे पाठवताना खातेदाराचं नावही दोनदा वाचलं. कुठल्यातरी ट्रेडर्सचं होतं. पोलिसाचे पैसे ट्रेडर्सच्या खात्यात का, हा प्रश्न मला पडला आणि 'लाच थोडीच कोणी स्वतःच्या नावावर घेतं' असं उत्तरही मीच देऊन टाकलं. दहा मिनिटांनी साहेबांच्या सहीसाठी आणखी ३० मागितले. तेही दिले. नाही दिले तर आधीचे ४५ फुकट जातील, हा माझा हिशेब.

बायको आली. माझा चेहरा बघून पिशवी दारातच टाकली, दोन वाक्यं ऐकली आणि स्वतःच्या फोनवरून मुलाला लावला. तो कँटीनमध्ये जेवत होता.

घाबरली तीही होती, माझ्यापेक्षा जास्तच. पण तिला मुलाचा आवाज ऐकायचा होता आणि मला अब्रू वाचवायची होती. हे लिहायला जड जातंय.

जॉगिंग ट्रॅकवरच्या आमच्या प्राध्यापक मित्राला सांगितलं, तर तो म्हणाला, कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलंय, तेवढ्याच फायद्याच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख मोठं वाटतं. मी म्हटलं, मग भावना बाजूलाच ठेवायच्या का? तर दामासिओ नावाच्या मेंदूतज्ज्ञाचा एक रुग्ण त्याने सांगितला. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेली, बुद्धी शाबूत, भावना मात्र बोथट. पुढच्या भेटीसाठी दोन तारखांतली एक निवडायची, तर अर्धा तास कारणंच मोजत बसला. माझी बायको अर्ध्या मिनिटात मोकळी झाली होती.

असा फोन आला तर तो कट करा आणि आपल्या माणसाला त्याच्या नेहमीच्या नंबरवर लावा. पोलीस यूपीआयवर पैसे घेऊन केस मिटवत नाहीत. व्हिडिओ कॉलवरची 'डिजिटल अटक' कायद्यात नाही. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर हाताशी ठेवा आणि बँकेलाही कळवा. मी लाजेपायी तासभर घालवला. तेवढ्यात ४५ हजार तीन खात्यांत फुटून गेले. नंतरच्या ३० पैकी २२ हजार गोठवता आले, पण अजून हातात आलेले नाहीत.

आता भाजीवालीसमोर मी भाव करायला लागलो की बायको मला मागे ओढते.