रविवारचे नऊशे युरो

११ ऑगस्ट २०२५ रोजी, सोमवारी दुपारी, वाशीतल्या बँकेच्या शाखेत बसून मी ४,८६० युरो स्वतःच्या सहीने एका चोराला पाठवले. युरोला १०३.२० रुपये दर लागला, म्हणजे ५,०१,५५२ रुपये झाले. त्यावर बँकेचे शुल्क १,७७० रुपये आणि चलन बदलल्याबद्दलचा वस्तू व सेवा कर ५४१ रुपये, असे एकूण ५,०३,८६३ रुपये माझ्या खात्यातून गेले. लुबाडले जाताना सरकारला करही भरला, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

मी कोण, हे सांगणे भाग आहे, नाहीतर वाचणारा म्हणेल की म्हातारा लॉटरीच्या मेसेजला भुलला असेल. मी नेरूळला राहतो. एका विमान कंपनीत बावीस वर्षे डिस्पॅचर म्हणून काम केले, म्हणजे मार्ग, हवामान, वजन आणि इंधन यांची आकडेमोड हाच माझा पोटापाण्याचा धंदा होता. निवृत्तीनंतर, परदेशात विकत घेतलेली लहान विमाने उडवत भारतात आणणाऱ्या वैमानिकांसाठी मी घरून नियोजन करून देतो. ओटीपी मी कधी कोणाला सांगितलेला नाही, अनोळखी दुव्यावर बोट ठेवलेले नाही, आणि सोसायटीतल्या निम्म्या लोकांना असल्या फसवणुकीपासून सावध करणारा माणूस मीच होतो. शेवटचे वाक्य लिहिताना लाज वाटते, पण ते खरे आहे.

काम होते एका वैमानिक प्रशिक्षण संस्थेसाठी अमेरिकेतून जुने सेसना १७२ आणण्याचे. विमान उडवणारा मुलगा ठाण्याचा, अमेरिकेचा परवाना असलेला आणि असे फेरे आधी केलेला. या विमानाच्या टाक्यांत वापरता येण्याजोगे इंधन सुमारे २०० लिटर मावते आणि ते जेमतेम सहा तास पुरते. केबिनमध्ये जादा टाकी बसवायची नसेल, तर कॅनडातल्या गूस बेहून थेट ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला नारसारसुआकला जाणे जमत नाही, कारण ते अंतर सुमारे ६७५ सागरी मैल आहे. मग उत्तरेचा वळसा घ्यावा लागतो: कॅनडातल्याच कूजुआकहून इकालुइट सुमारे ३४० मैल, तिथून समुद्र ओलांडून ग्रीनलंडमधले कांगरलुसुआक सुमारे ४८५, तिथून हिमपठारावरून कुलुसुक ३४०, आणि पुढे आइसलंडचे रेक्याविक ४००. टप्पे लहान होतात, पण प्रत्येक ठिकाणी अ‍ॅव्हगॅस मिळेलच याची खात्री आधी करून घ्यावी लागते. मोठ्या विमानांचे जेट इंधन सगळीकडे असते. आपल्या पिस्टन इंजिनाला लागणारे निळसर अ‍ॅव्हगॅस तिथे क्वचितच कोणी मागते. इकालुइटला ते पंपाने नव्हे तर २०५ लिटरच्या पिंपाने घ्यावे लागते, गरज दीडशे लिटरची असली तरी पिंप अख्खे विकत घ्यायचे, आणि तिथला मालाचा पुरवठा उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर येणाऱ्या जहाजांवर अवलंबून असतो. त्यामुळे ‘पिंप राखून ठेवायचे तर पैसे आगाऊ द्या’ असे कोणी म्हटले, तर या धंद्यातल्या माणसाला त्यात काही वावगे वाटत नाही. मला वाटले नाही, ते यामुळेच.

या सगळ्या थांब्यांची व्यवस्था एक परदेशी एजंट पाहणार होता. त्याच्याशी जुलैपासून मेल सुरू होते, दोनदा फोनवरही बोलणे झाले होते. शनिवारी, ९ ऑगस्टला रात्री त्याच संभाषणाच्या खाली उत्तर आले आणि सोबत बिल आले. इकालुइटचे एक पिंप ८८० युरो, कांगरलुसुआकचे एक ९६०, कुलुसुकची दोन २,१२० (रेक्याविकला हवामान बिघडून परत फिरावे लागले तर दुसरे लागेल, ही माझीच सूचना होती), आणि कुलुसुकचा विमानतळ रविवारी उघडण्याचे ९०० युरो. सोबत खुलासाही होता, की ग्रीनलंडची राजधानी नूक इथली नवी धावपट्टी सुरू झाल्यापासून कांगरलुसुआकची इंधनव्यवस्था बदलली असल्याने आता पैसे एकत्र आणि आगाऊ घेतले जातात. नूकची २,२०० मीटरची धावपट्टी २८ नोव्हेंबर २०२४ ला सुरू झाली आणि कांगरलुसुआकची मोठी वाहतूक तिकडे गेली, हे मी स्वतः वाचले होते. खऱ्या बातमीत खोटे बिल गुंडाळून आले, आणि मी बातमी ओळखीची म्हणून बिलही ओळखीचे मानले.

आता त्या रविवारविषयी.

आमच्या पहिल्या नियोजनात कुलुसुकचा थांबा १७ ऑगस्टला, रविवारी होता. ग्रीनलंडमधले लहान विमानतळ रविवारी सहसा बंद असतात आणि उघडून घ्यायचे तर आगाऊ मागणी करून वेगळे शुल्क द्यावे लागते, म्हणून ७ ऑगस्टला मी त्या एजंटला फोन करून सांगितले होते की आम्ही एक दिवस थांबू, सोमवारी येऊ, रविवार रद्द समजा. हे फक्त फोनवर बोललो होतो. मेलमध्ये लिहिले नव्हते. म्हणजे बिल लिहिणाऱ्याला जुना रविवार माहीत होता आणि नवा सोमवार माहीत नव्हता. म्हणजे त्याने आमचे मेल वाचले होते, पण माझ्याशी फोनवर बोललेला माणूस तो नव्हता. यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता हवा होता? आणि मला तो दिसला नाही असेही नाही. मी बिल छापून काढले, लाल पेनाने त्या ९०० युरोंभोवती वर्तुळ केले आणि मेल करून विचारले की रविवार तर आपण रद्द केला होता ना. अकरा मिनिटांत उत्तर आले: दिलगिरी, ही रक्कम अनामत समजावी, वापरली नाही तर परत मिळेल. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. एवढ्या दिवसांत ज्या एजंटने दुसऱ्या दिवसाच्या आधी एकदाही उत्तर दिले नव्हते, तो शनिवारी रात्री अकरा मिनिटांत उत्तर देतो, आणि मी मनात म्हणतो, ‘माणूस कामाचा आहे.’

पुढचे सगळे नंतर दिसले. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात जिथे एम हवा होता, तिथे आर आणि एन ही अक्षरे शेजारी शेजारी होती. लहान लिपीत ती एमसारखीच दिसतात आणि माझा चष्मा दोन वर्षांपूर्वीचा आहे. मोबाइलवर मेल वाचून पैशांचा निर्णय कधीही घेऊ नका, कारण तिथे पाठवणाऱ्याचे फक्त नाव दिसते, पूर्ण पत्ता दिसत नाही. खाते क्रमांक एलटी या अक्षरांनी सुरू होत होता. अशा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाची, म्हणजे आयबॅनची, पहिली दोन अक्षरे देशाची असतात: डेन्मार्कची डीके, ग्रीनलंडची जीएल, आणि एलटी म्हणजे लिथुआनिया. कॅनडातले पिंप आणि ग्रीनलंडचा विमानतळ यांचे पैसे लिथुआनियाला का जावेत? एका ठिकाणी कॅनेडियन डॉलर चालतात, दुसरीकडे डॅनिश क्रोन, आणि बिल मात्र सगळे युरोत. बँकेतल्या मुलीने परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू अर्ज माझ्याकडून तीनदा लिहून घेतला, पॅनची प्रत मागितली, खर्चाचे कारण विचारले, पण खातेदाराचे नाव आणि क्रमांक जुळतो की नाही, हे तिच्या पडद्यावर कुठेच येत नव्हते. ते कोणी तपासत नाही, हे धरून चाला.

खरे बिल १२ ऑगस्टला, मंगळवारी आले. त्यात फक्त ३५० युरोचे सेवाशुल्क होते आणि इंधनाचे पैसे त्या त्या ठिकाणी कार्डाने द्यायचे होते. मी ते उघडलेच नाही. बिल भरले आहे, हे स्मरणपत्र असेल, असे समजून बाजूला सारले. पैसे जाऊन तेव्हा एकच दिवस झाला होता.

१५ ऑगस्टच्या पहाटे साडेतीनला इकालुइटहून वैमानिकाचा फोन आला. “दादा, इथे आपल्या नावाचं पिंपच नाही. हे म्हणतात, कोणी कळवलंच नाही.” मी त्याच्यावरच डाफरलो, नीट विचार म्हणून. तो तिथे तीन रात्री अडकला, हॉटेलचे ९३० कॅनेडियन डॉलर झाले, आणि चौथ्या दिवशी खऱ्या एजंटने पिंप मिळवून दिले. पुढचा प्रवास सुखरूप झाला, त्यात सांगण्यासारखे काही नाही.

पहाटेच सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवली आणि पोचक्रमांक घेतला. हे ताबडतोब करा, उजाडायची वाट पाहू नका. त्या दिवशी बँकेला सुटी. शनिवारी शाखा उघडी होती, पण परदेशी व्यवहार पाहणारे साहेब रजेवर; सोमवारी साहेब आले, त्यांनी सांगितले की मुख्य कार्यालयाला मेल करा; मुख्य कार्यालयाने कळवले की अर्ज शाखेमार्फतच यावा. पैसे परत बोलावण्याचा बँकांमधला स्विफ्ट संदेश पाठवायला दहा मिनिटे लागतात, तो माझ्या बँकेने २० ऑगस्टला पाठवला. परदेशी रकमेला ३६ अक्षरांचा एक माग क्रमांक असतो, त्याला यूईटीआर म्हणतात. तो पैसे पाठवतानाच मागून घ्या. मी नंतर मागितला, तेव्हा शाखेत चार माणसांनी एकमेकांकडे पाहिले.

पोलीस ठाण्यात मी चार वेळा गेलो. पहिल्या वेळी ठाणे अंमलदारांनी विचारले, “इकालुइट कुठं आलं?” कॅनडात म्हटल्यावर ते म्हणाले की मग गुन्हा कॅनडात घडला. मी म्हणालो की पैसे वाशीतून गेले. तर म्हणाले, मग वाशीला जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचा प्रश्न न काढता माहिती नोंदवून घ्यायची असते, हे मी छापून नेले होते. तो कागद त्यांनी वाचला, घडी घातली आणि परत दिला. दुसऱ्या वेळी सांगण्यात आले की विमानाचे प्रकरण आहे तर विमानतळाकडे तक्रार करा. उलव्याच्या विमानतळाचे तेव्हा उद्घाटनही झालेले नव्हते. तिसऱ्या वेळी गणपतीचा बंदोबस्त होता, “विसर्जन होऊ द्या, काका.” चौथ्या वेळी एका तरुण अधिकाऱ्याने सगळे कागद खरोखर वाचले, आणि मला बरे वाटत असतानाच त्याने त्या लाल वर्तुळावर बोट ठेवले. “म्हणजे तुम्हाला कळलं होतं की.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मी त्याला अनामत रकमेविषयी सांगू लागलो, तसा तो मान हलवत टाइप करू लागला. भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे तोतयेगिरीचे ६६ ड लागावे, अशी माझी लेखी विनंती होती. मिळालेल्या पावतीवर प्रकार म्हणून ‘ऑनलाइन खरेदी’ आणि वस्तू म्हणून ‘पेट्रोल’ लिहिले आहे.

प्रशिक्षण संस्थेने अर्थातच हात वर केले. त्यांचे म्हणणे, मेल तुमचे, सही तुमची. माझे ६०,००० रुपयांचे मानधनही हॉटेलच्या खर्चापोटी त्यांनी अडकवून ठेवले आहे. त्यांच्याच कार्यालयातल्या संगणकातून आमचे मेल फुटले असावेत असा माझा संशय आहे, कारण रविवारचा तक्ता त्यांच्याकडेही गेला होता, पण सिद्ध करता येत नाही आणि ते संगणक दाखवत नाहीत. दुसऱ्याच्या इंधनाचे पैसे स्वतःच्या खात्यातून भरू नका, ‘नंतर देतो’ म्हणणारा कितीही जुना ओळखीचा असो. आणि खाते क्रमांक आला, की तो पूर्वीपासून आपल्याकडे असलेल्या फोन नंबरवर, बिलावर छापलेल्या नंबरवर नव्हे, फोन करून अंकागणिक वाचून घ्या. माझ्या वहीत तो नंबर होता, आणि त्या फोनचे मला फार तर ७० रुपये पडले असते.

लिथुआनियाहून बँकेला सप्टेंबरमध्ये उत्तर आले की खात्यात शिल्लक नाही. बँकेने तीस दिवसांत माझ्या तक्रारीला लेखी उत्तर दिले नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केला आहे. त्या अर्जाला बिलाची प्रत जोडावी लागते. लाल वर्तुळ नसलेली प्रत माझ्याकडे होती, तरी मी वर्तुळाचीच जोडली.