सरकता दोर की स्थिर दोर? झाडावर चढून काम करणाऱ्याने आधी काय शिकावं

झाडं छाटण्याच्या कामात नव्याने उतरणाऱ्याला हेल्मेट, हार्नेस, हातकरवत निवडायला फारसा वेळ लागत नाही. गाडी अडते ती दोराशी. एक गुरू म्हणतो सरकता दोर शीक, दुसरा म्हणतो ते जुनं झालं, थेट स्थिर दोरावर जा. दोघेही आपापल्या झाडांपुरते बरोबर असतात.

सरकत्या दोरात दोर वरच्या बेचक्यातून किंवा तिथे बसवलेल्या कड्यातून खाली येतो. त्याचं एक टोक तुमच्या हार्नेसला बांधलेलं असतं. दुसरी बाजू घर्षणगाठीतून, म्हणजे वजन आलं की दोराला आवळणाऱ्या छोट्या दोरीच्या गाठीतून, जाते आणि ती गाठही हार्नेसलाच अडकवलेली असते. तुम्ही वर सरकलात की दोरही वर फिरतो. स्थिर दोरात दोर जागचा हलत नाही. तो शेंड्याजवळ फांदीला आवळलेला असतो, नाहीतर फांदीवरून पलीकडे उतरवून खोडाच्या बुंध्याशी बांधलेला असतो. तुम्ही त्या एकेरी दोरावरून वर-खाली करता.

माझं मत आधीच सांगतो. पसरट, भरपूर फांद्यांची, मध्यम उंचीची झाडं तुमच्या वाट्याला येणार असतील तर सुरुवात सरकत्या दोराने करा, तीही यांत्रिक उपकरण न घेता घर्षणगाठीवर. उंच, सरळसोट, खाली फांदीच नसलेली झाडं रोजची असतील तर स्थिर दोर लवकर शिकावा लागेल, कारण तिथे निम्मी ताकद नुसतं वर पोचण्यातच जाते.

चढाईत स्थिर दोर सरळ पुढे आहे, यात वाद नाही. सरकत्या दोरावर शरीर १ मीटर वर न्यायला गाठीतून २ मीटर दोर ओढावा लागतो. वजन दोन बाजूंत वाटलं जातं म्हणून हिसका हलका लागतो, पण दोर फांदीवर घासतो तिथे ती सवलत बरीचशी खाल्ली जाते. खरखरीत सालीच्या बेचक्यातून दोर टाकून २० मीटर चढा, खांदे भरून येतात. स्थिर दोरावर एका पायाला पाऊल-चढाव, म्हणजे दोरावर फक्त वर सरकणारी पकड, आणि दुसऱ्या गुडघ्याखाली रबरी ताणाचा चढाव लावला की माणूस जिना चढल्यासारखा पावलं टाकत जातो. मांड्या काम करतात, हात फक्त तोल धरतात. पन्नाशीपर्यंत हे काम करायचं असेल तर हा फरक हिशेबात धरलाच पाहिजे. या धंद्यात खांदे आणि कोपरं लवकर कुरकुरायला लागतात.

पण चढून झालं की खरं काम सुरू होतं, आणि तिथे पारडं फिरतं. छाटणीच्या दिवसात वर जाणं थोडंच असतं. बाकी वेळ आडव्या फांद्यांवरून टोकाकडे जाणं, तिथे दोन काप घेणं, परत येणं, थोडं खाली उतरून पुन्हा वर येणं, हेच चालतं. सरकत्या दोराची गाठ इथे हाताखाली जिवंत असते. फांदीवर पाऊल पुढे टाकताना उजवा तळवा गाठीवर ठेवून बोटभर दाब दिला की दोर तेवढाच सुटतो; दाब काढला की गाठ जागीच आवळते. परत येताना गाठीखालची छोटी पुली शेपटीकडचा दोर आपोआप आत घेते आणि ढील राहत नाही. व्हीटी ही घर्षणगाठ नीट बांधलेली असेल तर हे सगळं एका हातानं होतं, दुसरा हात करवतीला मोकळा.

स्थिर दोरावर नुसत्या गाठीने भागत नाही. सरकत्या दोरात गाठीवर साधारण निम्मं वजन येतं. इथे पूर्ण येतं, आणि पूर्ण वजनाखाली गाठ अशी चावते की सुटत नाही. म्हणून गाठीच्या वर रोप रेंचसारखं जास्तीचं घर्षण देणारं साधन लावतात किंवा गाठ सोडून यांत्रिक उपकरणच वापरतात. म्हणजे पिशवीत एक वस्तू वाढली, तिची तपासणी वाढली, आणि ती कोणत्या जाडीच्या दोरावर चालते हेही पाहावं लागलं. उदाहरणार्थ, झिगझॅग प्लस हे उपकरण ११.५ ते १३ मिलिमीटर दोरासाठी आहे. बारीक दोरावर ते घसरेल, जाड दोरावर अडेल. मूळ झिगझॅग सरकत्या दोराचं साधन आहे, स्थिर दोरावर त्याला शिकेन या जास्तीचं घर्षण देणाऱ्या साधनाची जोड द्यावी लागते. युनिसेंडरसारखी काही उपकरणं दोन्हीकडे चालतात, पण नवशिक्याने पहिल्याच वर्षी उपकरण घेऊ नये असं मला वाटतं. गाठ बांधता-बांधता घर्षण म्हणजे काय हे हाताला कळतं. वेगाने उतरलं की गाठीची दोरी तापते, पृष्ठभाग चकचकीत आणि ताठ होतो, आणि त्या दिवसापासून ती गाठ चावायला कधी उशीर करते, कधी एकदम आवळते. ते ओळखून दोरी वेळेत बदलणं हे कौशल्य यंत्र शिकवत नाही. गाठीसाठी अरामिड धाग्याची दोरी घेतात तीही याच कारणाने; पॉलिएस्टर ज्या उष्णतेला वितळतं ती अरामिड सहन करतं.

आता आधाराच्या फांदीचं गणित. नवीन माणसं इथेच फसतात. स्थिर दोर बुंध्याशी बांधला असेल तर वरच्या फांदीवर दोन्ही बाजूंनी ओढ येते: एकीकडे तुम्ही, दुसरीकडे बुंध्याची गाठ. घर्षणामुळे थोडी कमी भरली तरी ओढ तुमच्या वजनाच्या दुपटीकडे जाते. ८० किलोचा माणूस साहित्यासकट ९० झाला तर फांदीला १८० किलोच्या आसपासची तयारी हवी, त्यात चढतानाचे हिसके वेगळे. सरकत्या दोरात फांदीवर तुमचं एकपट वजनच येतं. दोर शेंड्यालाच आवळून बांधला तर स्थिर दोरातही एकपटच येतं, पण त्यासाठी ओढून परत काढता येईल अशी बांधणी हवी. कोणतीही पद्धत असो, चढण्याआधी दोघांनी मिळून दोराला लटकून आधार तपासायचा. फांदीच्या बगलेत बुरशीची छत्री किंवा ढोली दिसली तर तिथे दोर टाकायचाच नाही.

उलट, पातळ सालीच्या झाडावर सरकता दोर थेट बेचक्यातून फिरवला तर साल सोलली जाते. म्हणून दोन कड्यांचा पट्टा, ज्याला घर्षणरोधक म्हणतात, वर बसवावा लागतो. स्थिर दोर फांदीवर सरकत नसल्याने साल बरीच वाचते. दिशा बदलण्यासाठी वाटेतल्या दुसऱ्या बेचक्यातून दोर नेणंही स्थिर दोराला मानवतं. सरकत्या दोरात असा प्रत्येक वळसा घर्षण वाढवत जातो आणि तिसऱ्या वळशाला माणूस दोराशी कुस्ती खेळत असतो.

सुटकेच्या बाबतीत बुंध्याच्या बांधणीचं खूप कौतुक होतं. बुंध्याशी खाली सोडण्याचं साधन लावून ठेवलं तर जखमी माणसाला जमिनीवरूनच उतरवता येतं, हे खरं. पण त्यासाठी दोर आधाराच्या उंचीच्या जवळजवळ तिप्पट हवा: वर जायला, खाली यायला, आणि सोडायला उरलेला. २० मीटरवर आधार असेल तर ६० मीटरचा दोर कामी येतो, ४५ चा अर्ध्यात संपतो. शिवाय तो माणूस लॅन्यार्डने, म्हणजे कमरेच्या आखूड दोराने, खोडाला बांधलेला असेल, आणि चेनसॉ चालवताना दोन ठिकाणी बांधलेलं असणं हा नियमच आहे, तर खालून कितीही दोर सोडा, तो जागचा हलणार नाही. वर जायला दुसरा चढणारा लागतोच. बुंध्याशी बांधलेला ताणलेला दोर ही आणखी एक काळजी. खालचा माणूस तिथेच करवत चालवत असेल तर वरच्याचा जीव त्याच्या गुडघ्याइतक्या उंचीवर आहे. फांद्या भरडणाऱ्या यंत्रापासून मात्र दोन्ही पद्धतींत दोराची शेपटी पिशवीत भरून दूरच ठेवायची.

बाकीचं साहित्य दोन्हीकडे तेच. बारीक फेकदोरी आणि साधारण ३०० ते ४०० ग्रॅमची फेकपिशवी, लॅन्यार्ड, वाकडी हातकरवत, एका हातात तोलता येणारी वरच्या मुठीची चेनसॉ. ती एका हातात तोलता येते म्हणून एका हाताने चालवायची नाही. बुटांना लावायचे काटे फक्त तोडायच्या झाडावर. जगवायच्या झाडाला प्रत्येक पावलाला जखम होते. हार्नेसचा दोराचा पूल, म्हणजे चढाईचा दोर ज्याला अडकवतात तो पुढचा आखूड दोर, रोज बोटांनी चाचपावा, कारण सगळं वजन त्याच्यावर असतं आणि तो मधोमध झिजतो.

दोर विकत घेताना ११ ते १३ मिलिमीटरमधला, कमी ताणला जाणारा, ईएन १८९१ या युरोपीय मानकाच्या ए प्रकारचा घ्या. तो दोन्ही पद्धतींना चालतो आणि पुढे मत बदललं तरी पैसे वाया जात नाहीत. जास्त ताणला जाणारा दोर स्थिर पद्धतीत, विशेषतः बुंध्याशी बांधलेला, हेलकावत राहतो: वर जाणारा आणि खाली येणारा सगळाच दोर ताणला जातो.

एक गोष्ट मात्र तुमच्या आवडीवर सोडता येत नाही. ज्या टोळीत काम करणार, तिथला दुसरा चढणारा कोणती पद्धत वापरतो? बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाकडे वेळ फार थोडा असतो, आणि वर पोचलेल्या सोबत्याला तुमची गाठ किंवा तुमचं उपकरण तिथेच, पहिल्यांदा, उलगडत बसणं परवडत नाही. टोळी सरकत्या दोरावर असेल तर तुम्हीही आधी तेच शिका. स्थिर दोर नंतर आणा, आणि आणाल तेव्हा दोघांनी मिळून जमिनीपासून २ मीटरवर सुटकेचा सराव करूनच तो कामाच्या झाडावर टाका.