कोहिमा वॉर सिमेट्री: माथ्यापर्यंत चढल्याशिवाय परत फिरू नका

दुसऱ्या महायुद्धात, एप्रिल ते जून १९४४ मध्ये, नागालँडमधल्या कोहिम्याच्या ज्या गॅरिसन हिलवर ब्रिटिश-भारतीय फौज आणि जपानी यांच्यात लढाई झाली, त्याच उतारावर ही दफनभूमी आहे. इथे १,४२० कबरी आहेत. देखभाल कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची, आणि ती अव्वल आहे. कबरींवरच्या पितळी रंगाच्या ब्राँझ पाट्या दुपारच्या उन्हात चमकतात, फोटोत अक्षरं उमटत नाहीत. सकाळच्या तिरप्या उन्हात स्वच्छ वाचता येतात.

बहुतेक लोक खाली ब्रिटिश सेकंड डिव्हिजनचं स्मारक बघतात, लढाईत रणांगण झालेल्या टेनिस कोर्टापाशी फोटो काढतात आणि परत फिरतात. कोर्टाच्या पांढऱ्या काँक्रीटच्या रेघांपाशी थांबावंच. टेनिस कोर्टाची लांबी जेमतेम २४ मीटर. एवढ्या अंतरावरून दोन्ही बाजू एकमेकांवर हातबॉम्ब फेकत होत्या, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

पण आपल्या माणसांसाठी आला असाल तर माथा गाठा. दहन झालेल्या ९१७ हिंदू आणि शीख जवानांचं स्मारक सर्वात वर आहे. खालच्या कबरींत त्यांची नावं शोधून लोक निराश होतात, कारण त्यांच्या कबरीच नाहीत. वाट पायऱ्यांची आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश चढावं. व्हीलचेअरला हे टप्पे अवघडच, ही खरी उणीव.

नातेवाइकाचं नाव शोधायचं तर निघण्याआधी कमिशनच्या संकेतस्थळावर बघा. नावाचं इंग्रजी स्पेलिंग तेव्हाच्या कारकुनानं ऐकलं तसं असतं, म्हणून सैनिक क्रमांक असेल तर त्यानेच शोधा. नाहीतर 'अधिक माहिती'च्या रकान्यात गाव किंवा जिल्हा टाका. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव आणि गाव असतं. रेजिमेंट 'मराठा' नव्हे, जुन्या 'म्हरट्टा' (Mahratta) स्पेलिंगने सापडते. ज्यांचा पत्ताच लागला नाही अशा ब्रह्मदेश मोहिमेतल्या सुमारे २७,००० जणांची नावं म्यानमारमधल्या रंगून स्मारकावर आहेत. ते न तपासता कोहिम्याला पोचलात तर फेरी वाया जाईल.

भारतीयांनाही नागालँडचं इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरण्याचा परवाना, लागतं. ऑनलाइन काढा, छापील प्रत जवळ ठेवा. रेल्वे आणि विमान दिमापूरपर्यंतच, पुढे सुमारे ७० किलोमीटर घाटरस्ता, पावसाळ्यात दरडींचा. ऑक्टोबर ते मार्च उत्तम. डिसेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत हॉर्नबिल महोत्सव असतो, तेव्हा खोल्या फार आधी धरा. हिवाळ्यात साडेचारलाच अंधारतं, त्यामुळे दुपारनंतर पोचू नका.