जळणाच्या भावात गेलेलं सागवानी फडताळ

जुन्या वाड्यातलं घर पुनर्विकासाला जाणार असेल, तर स्वयंपाकघरात भिंतीत बसवलेल्या फडताळाकडे आधी नीट बघा. आमच्या आत्याचं फडताळ कसं गेलं ते सांगतो.

वाडा पुण्याच्या पेठेतला. फडताळ जवळजवळ माळ्याला भिडणारं, वर लोणच्याच्या बरण्या, मधे दुधा-तुपासाठी जाळीची दारं. सगळ्यावर हिरव्या ऑइलपेंटचे थर, त्यामुळे आतलं लाकूड कोणतं ते दिसायची सोयच नव्हती. जुनं लाकूड घेणारा आला आणि त्याने नेमकी मोरीला लागून असलेली, ओल धरलेली खालची फळी निवडली. तिथेच पेचकस खुपसला. भुसा गळला. “मावशी, सगळं वाळवीनं पोखरलंय. जंगली, हलक्या प्रतीचं लाकूड आहे. जळणाचा भाव देतो, पाडकामवाल्याकडे गेलं तर तेवढाही मिळणार नाही.” हे शेवटचं वाक्य बऱ्याच अंशी खरं होतं, कारण पाडकामातून निघालेला माल बहुतेक वेळा ठेकेदाराचाच ठरलेला असतो. त्या एका खऱ्या गोष्टीच्या आडून बाकीचं खोटं खपलं.

पुढे तेच फडताळ एका दुकानात दिसलं. रंग खरवडलेला, पॉलिश मारलेलं, जाळीला आमच्या आजोबांनी लावलेलं तांब्याचं ठिगळ तसंच. दुकानदार गिऱ्हाइकाला सांगत होता, “पेशवेकालीन आहे, अस्सल साग.” साग होताच. पेशवेकालीन मात्र मुळीच नव्हतं. पेशवाई १८१८ साली संपली, आणि बिजागऱ्यांचे मूळचे स्क्रू टोकदार होते. तसे स्क्रू १८४० च्या दशकात निघाले, आधीचे बोथट असत. मागच्या फळ्यांवर गोल यंत्रकरवतीचे कमानदार ओरखडे होते. हातकरवतीचे ओरखडे सरळ रेघांसारखे उमटतात. एकाच फडताळावर देणाऱ्या आणि घेणाऱ्या, दोन्ही घरांना लुबाडलं जात होतं, याचा मला फार संताप आला.

म्हणून कुणाला बोलावण्याआधी दाराच्या आतल्या कडेला नखाएवढा रंग खरवडा. सागाचा गाभा सोनेरी तपकिरी, हाताला किंचित तेलकट लागतो आणि त्याला वाळवी सहसा शिवत नाही. कडेचा पांढुरका भाग मात्र ती खाते. त्यामुळे पेचकस आपणच चार-सहा जागी टोचून बघावा. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकानंतरचे, पण ते दुरुस्तीत घातलेले असू शकतात, जवळची जुनी भोकं तपासा. सांध्यातला सरस, म्हणजे सुतारांचा जुना गोंद, गरम पाण्याने मऊ पडतो. फेव्हिकॉल बाजारात आलं १९५९ साली, म्हणजे ते लावलेला सांधा त्यानंतरचा.

भाव ठोक ठरवू नका. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ ने भागा, की घनफूट निघतात: ६ फूट लांब, १२ इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे पाऊण घनफूट. जुन्या सागाचा दर दोन वेगळ्या वखारींत विचारा. फडताळ अख्खं, दारं-जाळीसकट शाबूत असेल तर लाकडाच्या भावापेक्षा जास्त मागा. आणि घर रिकामं करण्याच्या करारात “भिंतीतली कपाटं, दारं व चौकटी राहणाऱ्यांच्या मालकीच्या” एवढी ओळ सही करण्याआधी घालून घ्या.