फ्युएल प्रेशर गेज किट: काही महिन्यांच्या वापरानंतर (गरम झाली की स्टार्ट न होणाऱ्या जुन्या एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरवाल्या पेट्रोल गाड्यांसाठी)

किट नेहमीचंच. ० ते १४० पीएसआयची डायल, प्रेशर सोडायचा दाबायच्या बटणाचा ब्लीड व्हॉल्व्ह, पेट्रोलच्या पाइपमध्ये घालून गेज जोडायचे दोन-तीन टी (तीन तोंडांचे जोड), पितळी अडॅप्टर आणि पत्र्याच्या क्लिपांची पिशवी. घ्यायचं कारणही बऱ्याच जणांच्या ओळखीचं असेल: सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, बाजारात वीस मिनिटं उभी केली की दहा-दहा सेकंद सेल्फ मारावा लागतो, आणि दोन-तीन तास थांबली की पुन्हा शहाण्यासारखी वागते. सर्व्हिस सेंटरने काहीही न मोजता अख्ख्या पंप असेंब्लीचं एस्टिमेट हातात ठेवलं. किट त्या रकमेच्या मानाने किरकोळ होतं.

पण किट उघडण्याआधी फुकटात होणारी तपासणी करून घ्या. गरम असताना सेल्फच जड फिरत असेल तर पेट्रोलकडे बघूच नका. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज ९.६ च्या खाली जातोय का, आणि बॅटरी निगेटिव्ह ते इंजिन ब्लॉक ०.३ व्होल्टपेक्षा जास्त ड्रॉप दिसतोय का, हे मल्टीमीटरने पाहा. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे गंजलेली अर्थिंगची पट्टी थंड इंजिनला निभावून नेते आणि तापलेल्या सेल्फला कमी पडते. सेल्फ जोरात फिरतोय पण प्लगला ठिणगीच नाही, तर क्रँक सेन्सर, डिस्ट्रिब्युटरमधला पिकअप किंवा कॉइल. सेन्सरवर ओलं गार फडकं धरून लगेच सुरू झाली तर गुन्हेगार सापडला.

सेल्फ ठीक, ठिणगी ठीक? मग चावी ऑन करा, पंपाची घूंऽ थांबू द्या, ऑफ करा. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. पटकन सुरू झाली तर लाइनमधलं प्रेशर उतरतंय, आणि इथेच गेजचं काम सुरू होतं. याउलट ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यावर पेट्रोलचा वास सोडत सुरू झाली, तर इंजिनात पेट्रोल जास्त जातंय: गळका इंजेक्टर, फाटलेला रेग्युलेटर (पेट्रोलचं प्रेशर ठरावीक ठेवणारा भाग) किंवा गरम असूनही इंजिन थंड आहे असं सांगणारा कूलंट सेन्सर. या सेन्सरचा रोध बहुतेक गाड्यांत २० अंशांना दोन-अडीच किलोओहम आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास असतो.

प्रेशर उतरल्याचा त्रास गरम गाडीलाच का? पेट्रोल मोकळ्या हवेत ३५-४० अंशांपासूनच उकळायला लागतं. इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं, वारा थांबतो, आणि बॉनेटखालची उष्णता पुढची पंधरा-वीस मिनिटं वाढत राहते. रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) अडीच-तीन बार प्रेशर टिकून असेल तर पेट्रोल द्रवच राहतं. प्रेशर गेलं की रेलमध्ये वाफ भरते, आणि इंजेक्टर उघडल्यावर आधी तीच बाहेर येते. म्हणून चालू इंजिनवरचा आकडा कितीही छान दिसला तरी या तक्रारीत त्याला किंमत नाही. किंमत आहे ती इंजिन बंद केल्यानंतर काटा कुठे राहतो याला. लाइन घट्ट असेल तर तापलेल्या रेलमुळे काटा सुरुवातीला किंचित वरसुद्धा चढतो. मिनिटभरात निम्म्यावर आला तर कुठेतरी वाट आहे.

आणि नेमकं याच मोजमापात किट दगा देतं, त्या क्लिपांमुळे! भोकं पाडलेल्या पातळ पत्र्याच्या क्लिपा आहेत. आवळताना त्यांच्या कडा रबरात रुततात, पाइप गोल न राहता एका बाजूने चिमटला जातो आणि टीच्या गळ्याशी पेट्रोल पाझरतं. थेंब पडत नाही, बोट फिरवलं तर फक्त ओलसर लागतं. तेवढ्याने काटा हळूहळू खाली येतो आणि चांगला पंप खराब ठरतो. चार-सहा हजारांचा निर्णय या क्लिपांवर सोडू नका. दुमडलेल्या कडेच्या, बोल्टने आवळायच्या इंजेक्शन क्लिपा वेगळ्या आणा, आणि सोबत एसएई जे३० आर९ छाप असलेला पाइप. कार्ब्युरेटरचा साधा पाइप या प्रेशरला चालत नाही, आणि ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलात जुन्या रबराचा तर अजिबात भरवसा नाही.

जोडणी थंड इंजिनवरच करायची. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, बॅटरी निगेटिव्ह सोडवा, जोडाभोवती फडकं गुंडाळून मगच पाइप ओढा. अग्निशामक हाताशी हवाच. मग आधी किटचीच परीक्षा: फ्यूज आणि बॅटरी परत जोडा, पंप प्राइम करून (चावी ऑन करून लाइनमध्ये प्रेशर भरून) टीच्या दोन्ही बाजूंचे रबरी पाइप क्लॅम्पने बंद करा. काटा तरीही उतरला तर गळती गेजमध्ये आहे.

किट पास झालं की फक्त टाकीकडचा पाइप बंद करा. काटा थांबला तर पंपातला, पेट्रोल मागे जाऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह (किंवा टाकीतला जोड) गळतोय. उतरतच राहिला तर रिटर्नही (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारा पाइप) बंद करा. आता थांबला तर रेग्युलेटर. त्याची व्हॅक्यूम नळी काढून हुंगा, आत पेट्रोल ओलं दिसलं तर डायफ्राम (रेग्युलेटरमधला पडदा) फाटलाय. दोन्ही बंद असूनही उतरतोय तर इंजेक्टर: रेल इंजेक्टरसकट उचलून प्राइम करा, मिनिटाला एका थेंबापेक्षा जास्त गळणारा बाजूला काढा. क्लॅम्प गुळगुळीत जबड्याचाच हवा आणि फक्त रबरावर लावायचा. नायलॉनची नळी दाबली की चिरते.

ब्लीड व्हॉल्व्ह सुरुवातीला नुसती शोभा वाटला होता. आता मत बदललंय. त्याची पारदर्शक नळी बाटलीत सोडली की गेज काढताना तापलेल्या इंजिनवर पेट्रोल उडत नाही. मात्र बटणाखालच्या सीलमध्ये कचरा अडकला की तोही ठिबकतो, म्हणून चाचणीच्या वेळी नळीच्या टोकाकडे लक्ष ठेवा.

डायलबद्दल मात्र नाराजी कायम आहे. ३ बार म्हणजे ४३ पीएसआय, म्हणजे सगळं काम खालच्या तिसऱ्या हिश्शात, आणि ०.१ बारचा फरक नीट वाचताच येत नाही. १०० पीएसआयची डायल मिळाली तर तीच घ्या. कार्ब्युरेटरवाल्यांनी यात पैसे घालू नयेत, तिथल्या मेकॅनिकल पंपाचं प्रेशर पाव बारच्या आसपास असतं आणि हा काटा जागचा जेमतेम हलतो. डिझेल कॉमन रेलच्या हाय प्रेशर बाजूला तर हे चुकूनही लावू नका.