ईआरपीनेक्स्ट, स्टोअरच्या टेबलावरून

ईआरपीबद्दल, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, जे लिहिलं जातं ते बहुतेक मालकांच्या नाहीतर आयटीवाल्यांच्या बाजूने असतं. मॉड्यूल किती, डॅशबोर्ड कसा, मोबाइलवर चालतं का. मी स्टोअर सांभाळते. आमच्याकडे विजेचे कंट्रोल पॅनेल बनतात. मालाची आवक, उत्पादनाच्या लाइनला माल देणं (इश्यू) आणि शिल्लक हे माझं काम. त्यामुळे ईआरपीनेक्स्टला मी एकच प्रश्न विचारते: स्क्रीनवरचा आकडा आणि रॅकवरचा माल जुळतो का, आणि जुळत नसेल तर फरक कुठून आला हे मला सापडतं का? यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. फरक पडत नाही असं स्टोअर मी पाहिलेलं नाही. इथे तो शोधता येतो, म्हणून हे सॉफ्टवेअर मी मनापासून सुचवते.

थोडक्यात ओळख. फ्रापे ही मुंबईची कंपनी ते बनवते, रुशभ मेहता तिचे संस्थापक. सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, जीपीएल ३ परवान्याखाली. पायथॉन आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं, डेटा मारियाडीबी या डेटाबेसमध्ये. माझ्या दृष्टीने यातली मोठी गोष्ट म्हणजे माणशी लायसन्स विकत घ्यावं लागत नाही. जिथे प्रत्येक लॉगिनचे पैसे पडतात तिथे 'स्टोअर' नावाचं एकच लॉगिन चौघं-पाचजण वापरतात आणि नोंद कोणी केली हे कायमचं बुडतं. आमच्याकडे रात्रपाळीच्या मदतनिसालाही स्वतःचं लॉगिन आहे. प्रत्येक कागदाच्या तळाशी टाइमलाइन असते, तिथे कोणी कधी काय बदललं ते दिसतं. नाव खरं असेल तरच त्या टाइमलाइनला अर्थ.

आता मुख्य मुद्दा. इथे खरेदी ऑर्डर, जीआरएन (माल आल्याची नोंद), इश्यू अशा व्यवहाराच्या कागदाच्या तीन अवस्था असतात: ड्राफ्ट, सबमिट, कॅन्सल. ड्राफ्ट असेपर्यंत हवं ते खोडा. जीआरएन किंवा इश्यू सबमिट केलं की स्टॉक हलतो आणि नग, दर, गोदाम यांना हात लावता येत नाही. चूक निघाली तर कागद रद्द करायचा आणि 'अमेंड' करून नवा काढायचा. नव्याला जुनाच नंबर मिळतो, शेवटी १ लागून. जुना कागद रद्द म्हणून यादीत राहतो. शिवाय त्या जीआरएनवर लेखा विभागाने बिल चढवलेलं असेल, तर आधी बिल रद्द झाल्याशिवाय जीआरएन रद्द होत नाही. सुरुवातीला सगळ्यांना हे जाचक वाटतं. एक आकडा बदलायला इतका खटाटोप कशाला, हा प्रश्न आमच्याही खरेदी विभागाने विचारला. उत्तर पुढच्या साठा मोजणीत मिळालं. फरक निघाला की स्टॉक लेजर उघडायचं. त्या वस्तूची प्रत्येक हालचाल ओळीने समोर येते, प्रत्येक ओळीपुढे त्या क्षणाची शिल्लक. ज्या ओळीशी गणित बिघडलं तिथे कागदाचा नंबर असतो आणि कागदावर नाव. 'सिस्टीमने खाल्लं' हे वाक्य आमच्याकडे आता कोणी उच्चारत नाही. एक काळजी मात्र घ्या: रद्द झालेला कागद डिलीट करण्याचा अधिकार वेगळा असतो. तो स्टोअर किंवा खरेदीच्या भूमिकेला देऊ नका.

महिनाअखेरीस स्टोअर आणि अकाउंट्स यांच्यात जे ओढाताणीचं वातावरण असतं, त्यावरही इथे चांगली व्यवस्था आहे. पर्पेच्युअल इन्व्हेंटरी (साठ्याच्या प्रत्येक हालचालीची हिशेबात आपोआप नोंद) चालू ठेवली की जीआरएन सबमिट होताच साठ्याचं खातं नामे होतं आणि 'स्टॉक रिसीव्ह्ड बट नॉट बिल्ड' हे खातं जमा होतं. पुरवठादाराचं बिल चढलं की ती जमा उलटते आणि रक्कम पुरवठादाराच्या खात्यावर जाते. म्हणजे या एका खात्याची शिल्लक म्हणजे आलेला, पण बिल न चढलेला माल. पूर्वी मी जीआरएनची फाइल घेऊन अकाउंट्समध्ये जायचे आणि एकेक चलन टिक करत बसायचो आम्ही. आता त्या खात्याची शिल्लक उलगडली की थेट कोणत्या पुरवठादाराला फोन करायचा ते कळतं. या एका सोयीसाठी लेखा विभागाने हे सॉफ्टवेअर मागायला हवं, आणि गंमत अशी की डेमोमध्ये कोणी ती दाखवत नाही.

घेण्याआधी ज्यावर सगळा वेळ घालवावा ती गोष्ट म्हणजे आयटम मास्टर, म्हणजे वस्तूंची मूळ यादी, आणि त्यातही मापाचं एकक. तांब्याची पट्टी आम्ही किलोवर घेतो आणि लाइनवर मीटरने कापतो. खरेदीचं एकक किलो, साठ्याचं मीटर आणि दोन्हींमधलं गुणोत्तर असं ईआरपीनेक्स्टमध्ये नीट बसतं. पण त्या वस्तूवर एक जरी व्यवहार झाला, तरी साठ्याचं मूळ एकक बदलता येत नाही. नवा आयटम कोड उघडावा लागतो. हा नियम बरोबरच आहे, नाहीतर जुन्या सगळ्या नोंदींचा अर्थ बदलेल. म्हणून एकक ठरवताना ज्याच्या हातात मोजपट्टी आणि वजनकाटा असतो त्याला बैठकीत बसवा. आमची एकेक वस्तू हातात घेऊन, जाडी-रुंदीप्रमाणे दर मीटरचं वजन काढून मग ते गुणोत्तर भरलं. कंटाळवाणं काम होतं, आणि संपूर्ण बसवणीतलं सर्वांत मोलाचं.

उत्पादनाच्या भागात एक सेटिंग आहे जी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पॅनेल तयार झालं की कच्चा माल कशाच्या आधारे वजा करायचा, हे ते ठरवतं: बीओएमप्रमाणे (एका पॅनेलला लागणाऱ्या मालाची ठरलेली यादी), की त्या वर्क ऑर्डरला प्रत्यक्ष दिलेल्या मालाप्रमाणे. बीओएम निवडलं तर कागदावर सगळं सुरेख दिसतं, कारण खप नेहमी ठरलेलाच निघतो. वायरचे वाया गेलेले तुकडे, चुकीची भोकं पडलेली पट्टी, बदललेला काँटॅक्टर (पॅनेलमधला विजेचा स्विच) यातलं काही तिथे उमटत नाही. सगळा फरक साठा मोजणीत एकदम अंगावर येतो. दिलेल्या मालाप्रमाणे घेतलं तर प्रत्येक जादा इश्यू नोंदवावा लागतो, लाइन सुपरवायझर कुरकुरतात, पण कोणत्या पॅनेलला खरोखर किती वायर गेली ते कळतं. ज्या धंद्यात प्रत्येक ऑर्डर वेगळी असते, तिथे मी दुसराच पर्याय घ्यायला सांगेन.

विक्री आणि मनुष्यबळाचे भाग मी जेवढे पाहिले तेवढे कामाचे वाटले, त्यावर अधिक बोलण्याचा अधिकार माझा नाही.

मर्यादाही सांगते. हे ब्राउझरमध्ये चालतं. सर्व्हरशी जोडणी तुटली की नोंद थांबते, तेव्हा गेटवर कागदी रजिस्टर राहू द्या. मागील तारखेची नोंद टाकली तर त्यानंतरच्या सगळ्या व्यवहारांचं मूल्यांकन पडद्यामागे पुन्हा काढलं जातं. हिशेबाच्या दृष्टीने ते योग्यच, पण बंद झालेल्या महिन्याचा नफा त्यामुळे हलू शकतो. यावर उपाय स्टॉक सेटिंग्जमध्येच आहे: ठरावीक तारखेपर्यंतचा साठा गोठवा आणि ती तारीख ओलांडण्याची मुभा एकाच भूमिकेला द्या. 'निगेटिव्ह स्टॉक', म्हणजे शिल्लक शून्याखाली जाणं, चालू द्यायचं का, हे विचारतील तेव्हा ठाम नाही म्हणा. जीआरएन व्हायच्या आधीच माल इश्यू करण्याची सवय एकदा लागली की लेजरमधली शिल्लक वाचण्यालायक राहत नाही.

राहता राहिला सेवेचा प्रश्न. सॉफ्टवेअर मोफत मिळतं, बसवणारी माणसं मोफत मिळत नाहीत, आणि अनुभवातला खरा फरक तिथे पडतो. आमच्या पहिल्या सेवा कंपनीने आमचे बदल मूळ कोडमध्येच घुसवले होते. पुढची मोठी आवृत्ती घ्यायची वेळ आली तेव्हा ते बदल पुसले जाणार हे उघड झालं, आणि ती मंडळी फोन उचलेनाशी झाली. दुसऱ्या टीमने तेच बदल कस्टम फील्ड आणि वेगळ्या अ‍ॅपमध्ये हलवले. ईआरपीनेक्स्ट ज्यावर उभं आहे त्या फ्रापे फ्रेमवर्कमध्ये त्यासाठी मुळातच सोय आहे, आणि तशा पद्धतीने केलेलं काम अपग्रेडनंतरही टिकतं. शिवाय ती मुलं आधी माझ्याबरोबर रॅकपाशी उभी राहिली, इश्यू स्लिप कशी येते ते पाहिलं आणि मगच स्क्रीनला हात लावला. अशी माणसं मिळाली तर थोडी वाट बघून त्यांनाच काम द्या.

करार करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा. मूळ कोड बदलणार नाही, हे पहिलं. सर्व्हरचा पूर्ण ताबा आणि पासवर्ड तुमच्याकडे राहतील, हे दुसरं. तिसरं बॅकअपबद्दल: डेटाबेस आणि फाइल्सच्या बॅकअपबरोबर साइट कॉन्फिग फाइलमधली एन्क्रिप्शन की पण द्यायला सांगा. ती नसेल तर डेटा परत येतो, पण आत साठवलेले ईमेल खात्यांचे वगैरे पासवर्ड उलगडत नाहीत. आणि तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर तुमच्यासमोर चढवून, त्यात कालची शेवटची जीआरएन उघडून दाखवायला सांगा. बिलाचा शेवटचा हप्ता त्यानंतर द्या.